काटा अर्ध्यावर

माझ्या गाडीतल्या पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आहे. टाकी भरली तरी अर्ध्यावर, संपली तरी अर्ध्यावर. किती वर्षं, ते सांगता येत नाही, कारण मी कधी तिकडे पाहिलंच नाही. पेट्रोल कधी भरायचं ते जानकी सांगायची. मुलुंडला तिच्या बहिणीकडे तीन खेपा झाल्या की म्हणायची, "अवो, पेट्रोल घालूक व्हया." मी घालायचो. फेब्रुवारीत जानकी गेली. मुलुंडच्या खेपा थांबल्या आणि त्यांच्याबरोबर मापही गेलं.

जूनमध्ये अंधेरीच्या पुलावर, भर दुपारी गाडी बंद पडली. मी बाटली घेऊन चालत पंपावर गेलो.

"बाटलीत मिळत नाही काका. गाडी आणा."

"गाडी आणायलाच पेट्रोल हवंय."

"मग गाडी आणल्यावर घ्या."

परत पुलावर आलो आणि गाडीच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. एका मुलीने विचारलं, "सर, काटा कुठे आहे?"

"अर्ध्यावर."

"म्हणजे पेट्रोल आहे."

"नाहीये."

"काटा अर्ध्यावर असताना 'पेट्रोल संपले' ही तक्रार सिस्टीम घेत नाही, सर. 'ग्राहकाचा गैरसमज' हा पर्याय निवडू का?"

मी म्हटलं, "निवड." पेट्रोल संपलं असतं तर पाच लिटर आलं असतं. गैरसमजासाठी टोइंग व्हॅन आली.

गाडी कांदिवलीच्या वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंत माझ्या मुलीचा, श्रुतिकाचा, फोन. कंपनीकडे तिचाही नंबर आहे, गाडीचे मेसेज तिलाही जातात. "बाबा, वर्कशॉपचा 'दुरुस्त' असा मेसेज मला दिसला पाहिजे. नाहीतर गाडी विकायची. तुम्ही एकटे असे रस्त्यात अडकणार, आणि मी इकडे पुण्यात!"

विकायला माझी ना नव्हती. पण डावीकडची सीट जानकीने पुढे ओढून ठेवलीय. ती अजून तशीच आहे.

वर्कशॉपमधल्या हर्षदने गाडीला कॉम्प्युटर जोडला. "काका, नो फॉल्ट."

"अरे, टाकी रिकामी आहे."

"सिस्टीम अर्धी म्हणते."

"मग उघडून बघ ना."

"उघडायला आधी फॉल्ट दिसावा लागतो."

"आणि फॉल्ट दिसायला?"

"उघडावं लागतं," हर्षद म्हणाला. पोरगा प्रामाणिक होता. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "तुमची नेमकी तक्रार काय? काटा आणि टाकी जुळत नाही, हीच ना?"

"हीच."

त्याने गाडी ढकलत शेजारच्या पंपावर नेली, अर्धी टाकी पेट्रोल भरलं आणि परत आणली. "बघा! आता जुळतंय की नाही? एकदम ॲक्युरेट!"

मी पाहिलं. खरंच जुळत होतं.

"आणि चालवल्यावर?"

"चालवल्यानंतरची तक्रार वेगळी नोंदवायची. काका, आता फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहा द्या हां. नऊ दिलेत तरी साहेब मला केबिनमध्ये बोलावतात. आणि दहा दिल्याशिवाय 'दुरुस्त'चा मेसेज जात नाही."

फोन आला. "आपण किती समाधानी आहात?"

डावीकडच्या सीटकडे बघून मी म्हटलं, "दहा."

पाच मिनिटांत श्रुतिकाचा फोन. "बाबा, मेसेज आला! झकास! बघा, झालं ना काम? तुम्ही बरे आहात ना?"

"मजेत."

"मग ठीक."

आता मी जानकीचंच माप वापरतो. महिन्यातून तीनदा मुलुंडला जातो. पहिल्या खेपेला मेव्हणी शेवंती दारातच गोंधळली. बहिणीशिवाय मी कधी आलोच नव्हतो. म्हणाली, "भावजी, बरे आसात मां?"

"बरो आसय."

तिने चहा टाकला. पुढे काही विचारलं नाही. तिलाही मी काही विचारलं नाही. तिसऱ्या खेपेनंतर पेट्रोल भरलं. गाडी अजून एकदाही बंद पडलेली नाही.

हर्षदला हसणं सोपं आहे. पण आज सकाळी लिफ्टमध्ये शेजाऱ्याने तुम्हाला विचारलं ना, "काय, कसं काय?" तुम्ही लगेच म्हणालात, "मस्त." टाकी उघडून बघितली होतीत?