गडदे सर आणि गाडीमागचा वारा

गडदे सर कुठलीही गाडी समोरून बघत नाहीत. नवी मोटार घेतलेला माणूस पेढे घेऊन दारात उभा असतो आणि सर डिकीमागे उकिडवे बसून म्हणतात, "पुढचं राहू द्या हो. मागं काय चाललंय ते बघा!"

मागे काहीच चाललेलं नसतं. निदान मला तरी दिसत नाही. आमच्या परभणीच्या कॉलेजात सर यंत्रशास्त्र शिकवतात आणि मी मराठी. त्यामुळे हवेतलं मला काही दिसणार नाही, हे ते धरूनच चालतात. धावत्या गाडीच्या मागे वारा वळून भोवरा धरतो आणि रस्त्याची धूळ गाडीतच ओढून आणतो, हे त्यांनी मला भरल्या कपावरून फुंकर मारून समजावलं. चहा माझ्या शर्टावर आला. "अन् तो भोवरा एका जागी टिकत न्हाई. घटकेत डावीकडं, घटकेत उजवीकडं. लय बेइमान!"

प्रयोगशाळेत त्यांनी जुन्या कूलरच्या पंख्यासमोर एक लाकडी टेम्पो मांडलाय. वारा दिसावा म्हणून उदबत्तीचा धूर. एकदा प्राचार्य तपासणीला आले आणि दारातच चपला काढून हात जोडून उभे राहिले. सरांनी त्यांच्याही हातात उदबत्ती दिली आणि हलू नका म्हणून दटावलं.

खरी गंमत खऱ्या टेम्पोची. सरांचं घर झरीजवळच्या खेड्यात, घरी शेळ्यामेंढ्या. घरच्या काळ्या लोकरीचे धागे त्यांनी गावच्या टेम्पोच्या मागच्या बाजूला चिकटवले. वारा वळेल तसे धागे वळतात. आठवड्याभरात त्या रस्त्यावरच्या सगळ्या टेम्पोंना काळी लोकर! दृष्ट लागू नये म्हणून. एकाने तर जोडीला लिंबू-मिरचीही बांधली. सर खूष. "लिंबू जड हाय, पण मिरच्या झ्याक हलायल्यात!"

"सर, एवढा खटाटोप कशासाठी?" मी एकदा विचारलं. सर बाजाराच्या दिवशी मला झरीला घेऊन गेले.

टेम्पो आला. मागे शेळ्यांच्या मधे सरांची आई बसली होती. पुढे डिझेलच्या वासाने तिला मळमळतं, म्हणून ती मागेच बसते. धुळीने खोकला जडलाय, पण बाजार सोडायला तयार नाही. ती उतरली की सर पांढऱ्या रुमालाने तिचं तोंड पुसतात, रुमाल उजेडात धरून बघतात आणि वारा वळवायला टेम्पोच्या टपाला मागे लावलेल्या पत्र्याचा उतार बदलतात. हे दर बाजाराला.

त्या दिवशी रुमाल जवळजवळ पांढराच निघाला. भर बाजारात सर तो फडकवत सुटले. "बघा! बसला का न्हाई भोवरा?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना.

"म्हंजी आता धूळ न्हाई यायची?"

"न्हाई, आई."

"मंग तोंड न्हाई पुसायचास का?"

सरांचा वर गेलेला हात खाली आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना कशाकडे तरी समोरून बघताना पाहिलं. सरांनी रुमालाची घडी उलटी केली आणि तिचं स्वच्छ तोंड पुन्हा एकदा पुसलं, सावकाश, अगदी कानामागेसुद्धा.