पार्किंगमधला उदारमतवाद

अध्यक्ष झाल्यावर प्रा. श्रीनिवास पाठकांनी पहिलं काम केलं ते सोसायटीचे सगळे नियम रद्द करण्याचं. छावणीजवळच्या त्या इमारतीत कपडे कुठं वाळवायचे इथपासून लिफ्टमध्ये काय न्यायचं इथपर्यंत नियम होते. जन्मभर राज्यशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं. शिवाय उदारमतवादावरचं त्यांचं पुस्तक तयार होतं आणि प्रकाशक म्हणाला होता, पुण्याच्या डॉ. सुदर्शन केळकरांची प्रस्तावना आणा, तरच छापतो. डॉक्टर पुढच्या रविवारी येणार होते. त्यांना उदारमतवाद कागदावर नव्हे, जिवंत दाखवायचा, असं श्रीनिवासरावांनी ठरवलं होतं.

"तीनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लोकांनी राजाला विचारलं," सभेत ते रंगात आले, "जीव आमचा, कमाई आमची, त्यात तुझं काय? तू आम्ही नेमलेला राखणदार. मालकासारखा वागलास तर बदलू. मग व्यापारी म्हणाले, आम्हाला विकू द्या, लोकांना घेऊ द्या, मध्ये पडू नका. आपल्याकडेही आता एकच नियम. दुसऱ्याचं नुकसान करायचं नाही. बाकी आपापल्या जागेत सगळे राजे."

टाळ्या पडल्या. वाळूजला कंपनीत असलेला गोकुळ सांडू उठला. "सर, म्हंजी माझ्या पार्किंगमधी मी काहीबी ठिवलं तर चालतंय?"

"मला काय विचारता? जागा तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीबाई गॅलरीतून आत आल्या. "अहो, गोकुळच्या जागेत राजे आलेत. शिंगं आहेत."

फुलंब्रीच्या शेतावरून गोकुळनं म्हैस आणली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या निशाताई नाकाला पदर लावूनच आल्या. "सर, हा वास म्हणजे नुकसान नाही तर काय?"

श्रीनिवासराव हरखले. कळीचा प्रश्न आपल्या पायांनी घरी चालत आला होता. त्यांनी लगेच गोकुळला बोलावलं.

"वासानं नुकसान व्हत आसंल," गोकुळ शांतपणे म्हणाला, "तर तुमच्या हिमांशूच्या बुलेटचं काय? तिच्या आवाजानं म्हैस पान्हा चोरती."

मुलाच्या बुलेटचा विषय निघताच श्रीनिवासरावांनी प्रश्न पुढच्या सभेवर ढकलला.

संध्याकाळी गोकुळनं निशाताईंकडे तांब्याभर दूध पाठवलं. तक्रार विरली. दोन दिवसांत इमारतीत त्या दुधाची चर्चा झाली, पातेली घेऊन माणसं खाली उतरू लागली. म्हैस एक, गिऱ्हाइकं भरमसाट. भाव चढला.

"गोकुळला भाव कमी करायला सांगा," मंडळी अध्यक्षांकडे आली.

"मी कोण सांगणारा? बघा तरी, कुणाचा हुकूम नाही, तरी दूध ज्याला हवं त्याच्या दारात जातंय."

"आपल्या दारात येत नाहीये, तेवढंही बघा," आतून कालिंदीबाई म्हणाल्या.

निशाताईंनी मात्र तो भाव नीट बघितला होता. शनिवारी त्यांच्या कन्नड तालुक्यातल्या माहेराहून टेम्पो आला आणि त्यांच्या पार्किंगमध्ये दुसरी म्हैस उतरली. रात्रीपर्यंत दूध निम्म्या भावानं मिळू लागलं. श्रीनिवासरावांना आनंदानं जेवण गेलं नाही.

रविवारी डॉ. केळकर दोन्ही म्हशींपुढे बराच वेळ उभे राहिले. "पाठक, मी हयातभर हे शिकवलं. शेणासकट कधी पाहिलं नव्हतं."

प्रस्तावना हातात आलीच होती, तेवढ्यात गोकुळ पुढे आला. "सर, एक नियम करा. सोसायटीत म्हैस एकच."

"का बरं?"

"दोन म्हशींचा लई वास येतोय."

डॉक्टरांनी श्रीनिवासरावांकडे बघितलं. "नाही," श्रीनिवासराव ताठ झाले. "तुम्हाला जे स्वातंत्र्य, तेच निशाताईंना. मध्ये पडणार नाही."

"मंग राखणदार बदलावा लागंल. तुमीच सांगितलं व्हतं."

सभा तिथंच, पार्किंगमध्ये भरली. अध्यक्ष झालो तर महिनाभर घरटी दूध फुकट, असं गोकुळनं जाहीर केलं. हात वर व्हायला लागले. विरोधात उरले दोघंच, निशाताई आणि श्रीनिवासराव. गोकुळच्या बाजूच्या हातांत एक हात हिरव्या बांगड्यांचा होता. तो श्रीनिवासरावांनी ओळखला.

अध्यक्षपद गेलं, आता पुस्तकही गेलं, अशा चेहऱ्यानं ते पाहुण्याला घेऊन वर आले. डॉक्टर मात्र हसून हसून डोळे पुसत होते. "प्रस्तावना देतो हो. पण पुस्तकात एक प्रकरण कमी आहे. दुकान चालायला लागलं की दुकानदाराला नियम हवेसे वाटतात, ते लिहा."

श्रीनिवासरावांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना बांगड्या आठवल्या. "कालिंदी, तू गोकुळला मत दिलंस?"

"मत माझं होतं ना? की तेही तुमच्या जागेत येतं?" कालिंदीबाईंनी चहाचे कप समोर ठेवले. चहा घट्ट होता. वर साय तरंगत होती.

दूध कुठलं, हे विचारायची गरज नव्हती. श्रीनिवासरावांनी तत्त्व म्हणून कप बाजूला सारला. डॉक्टरांनी आपला संपवला आणि त्या कपाकडे बघितलं. "तुम्ही घेणार नसाल तर..."

"राहू द्या," श्रीनिवासरावांनी कप पुन्हा जवळ ओढला. "कप माझा आहे."