एका वेळी ए

पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहिलेल्या बैलांची दोन्ही शिंगं रंगवलेली असतात, यात सांगण्यासारखं काही नाही. पण विलासभाऊंच्या ढवळ्याचं यंदा एकच शिंग रंगवलेलं होतं. उजवं लालभडक, वर बेगड चिकटवलेलं. डावं देवानं दिलं तसं. लोक खो खो हसत होते, ढवळ्या मान खाली घालून उभा होता आणि विलासभाऊ स्वतः तिथे नव्हतेच. दुसऱ्या शिंगासाठी रंग आणायला म्हणून ते सकाळी घरून निघाले होते. सापडले बाजार चौकात, कुणाचा तरी बंद पडलेला मिक्सर उघडून बसलेले.

मला पाहून म्हणाले, "थांबा जी सर, मुद्द्यावर येतो. पह्यले हा स्क्रू कुठं गेला ते पाहा."

'मुद्द्यावर येतो' हे त्यांचं पालुपद. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. मुद्द्यावर आलेले मात्र कधी पाहिलेले नाहीत.

मी निवृत्त शिक्षक. घरात बसवत नाही म्हणून बाभुळगावात एक वाचनालय सांभाळतो. पुस्तकं ओळीत, चपला ओळीत, जमल्यास माणसंही ओळीत असली की मला बरं वाटतं. अशा माणसाच्या वाट्याला विलासभाऊ यावेत, ही देवाची खोडी आहे.

मागच्या उन्हाळ्यात ते यवतमाळला एका डॉक्टरकडे गेले. म्हणजे मुलीला घेऊन गेले. त्यांची पायल अमरावतीला नर्सिंग शिकते, होस्टेलवर राहते. पहिल्याच वर्षी नापास झाली. अभ्यासाला बसलं की मन चारी दिशांना पळतं, म्हणाली. डॉक्टरांनी तिला तपासता तपासता शेजारच्या खुर्चीतल्या बापाकडे पाहिलं. बापानं तोवर टेबलावरचं रक्तदाब मोजायचं यंत्र खोलून ठेवलं होतं. डॉक्टरांनी दोघांचेही कागद केले. लक्ष न टिकण्याचा हा आजार, एडीडी, मोठ्या माणसांनाही असतो आणि घराण्यात चालतो, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विलासभाऊ वाचनालयात पेढे घेऊन हजर.

"सर, मी आळशी नाई! बेजबाबदारबी नाई! मले एडीडी हाय! सारं गाव मले येडा म्हणे, आता डाक्टरनं कागदावर लिहून देल्लं."

"काय लिहून दिलं? येडे आहात म्हणून?"

"हाव ना. पण इंग्रजीत."

डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर वाचायला पुस्तकंही सांगितली होती. आता यात अक्कल डॉक्टरांची कमी की लेखकांची, मला ठाऊक नाही. ज्याचं मन एका पानावर ठरत नाही, त्याच्यासाठी लिहिलेली पुस्तकं उशीएवढी जाड! आधी लेखक स्वतःचं लहानपण सांगतो, मग त्याच्या बायकोची तक्रार, मग मेंदूचं चित्र. उपाय येतात ते शेवटी, म्हणजे जिथवर हा रोगी जन्मात पोचणार नाही तिथे.

अशी बरीच पुस्तकं भाऊंनी माझ्याकरवी मागवली. प्रत्येकाची सुरुवात त्यांना तोंडपाठ. आणि चाळता चाळता एखादा उपाय नजरेला पडला की पुस्तक तिथंच पालथं टाकून अंमलबजावणीला धावायचे.

'वस्तूंची जागा ठरवा.' भाऊंनी गाडीच्या किल्लीसाठी ओसरीत खिळा ठोकला. उपाय इतका पटला की त्याच खिळ्यावर चष्मा आला, विळा आला, बैलाची वेसण आली, त्यांच्या बायकोची, मंगलाताईंची, पर्सही आली. शेवटी खिळाच उपटून आला. सगळं जमिनीवर पडलं. किल्ली तेवढी त्यात नव्हती.

'मोबाइलवर गजर लावा.' लावले. एका तेरवीच्या पंगतीत, वरण वाढणं चालू असताना, भाऊंचा खिसा त्यांच्याच आवाजात ओरडला, "विलास, ऊठ! फवारणी!" ज्यांच्या घरची तेरवी, त्यांनी पुढे कितीतरी दिवस भाऊंशी बोलणं टाकलं.

'एका वेळी एकच काम.' हे वाक्य त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहायला घेतलं. 'एका वेळी ए' इथपर्यंत आले आणि शिडीवरून त्यांना शेजाऱ्याची बकरी आपल्या कपाशीत शिरताना दिसली. बकरी हाकलायला उतरले. भिंत आजही तशीच आहे.

"सर, याइले पुस्तक नोका देऊ जी," मंगलाताईंनी मला एकदा हात जोडले. "पह्यले एक काम अर्धं राहे. आता पुस्तकात पाहून पाच कामं अर्धे राह्यते."

एक उपाय मात्र लागू पडला, हे मी नाइलाजानं कबूल करतो. काम करताना शेजारी कुणी नुसतं बसलं तरी मन जागेवर राहतं, असं कुठल्याशा पुस्तकात होतं. भाऊ लगेच मला न्यायला आले. "तुमी काहीच करू नोका, सर. फक्त बसा." मी बसलो. फवारणीचा पंप त्यांनी खरोखर शेवटपर्यंत धुतला. मग त्याच भरात माझी छत्री दुरुस्त करायला घेतली. ती छत्री अजून त्यांच्याकडेच आहे, तीन तुकड्यांत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण पायलची परीक्षा दिवाळीनंतर होती आणि यंदा नापास झाले तर कॉलेज सोडून घरी येईन, असं तिनं फोनवर सांगून टाकलं होतं. भाऊ तिला पुस्तकातले उपाय सांगायला लागले, तर ती म्हणाली, "बाबा, तुमी तरी एखादं पुस्तक पुरं केलं काय?"

मला हे सांगताना त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. त्यांचे हात रिकामे मी प्रथमच पाहत होतो.

"पोट्टी माह्यासारखी व्हाले नाई पाह्यजे, सर," मग ते म्हणाले. "माह्यं निभून गेलं, मंगला होती. तिच्याजवळ तिथं कोण हाय?"

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी वाचनालयात येऊ लागले. कोपऱ्यातलं टेबल, समोर एक जाडजूड पुस्तक, त्याच्या शेजारी मोबाइल. पान असं उलटायचे की साऱ्या वाचनालयाला कळावं: बोटाला थुंकी, पानाला झटका, फट्ट! मी चोरून लक्ष ठेवलं. ते वाचत नव्हतेच. नजर पंख्यावर, पालीवर, माझ्या टकलावर. शेवटचं पान आलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर पुस्तकच उलटं धरलेलं.

"भाऊ, हे वाचनालय आहे, पत्त्यांचा अड्डा नाही," मी डाफरलो.

"थांबा, मुद्द्यावर येतो," ते कुजबुजले. पुन्हा फट्ट.

मला त्यांची चीड आली. पोरगी तिकडे बुडायला आलेली आणि बाप इकडे वाचनाचं सोंग करतो! ढवळ्याच्या शिंगावर मी हसलो होतो. यावर मला हसू येईना.

परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी ते अचानक उठले आणि बाहेर पडले. खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यावर कापसानं भरलेली ट्रॉली अडली होती आणि भाऊ ट्रॅक्टरखाली शिरत होते. टेबलावर पुस्तक उघडं, मोबाइल तसाच. पाहतो तर फोन लागलेला, वरचे आकडे सरकताहेत. बंद करायचा विसरले, दुसरं काय! मी बंद करायला बोट पुढे केलं.

"बाबा?" फोनमधून बारीक आवाज आला. "हाय ना तुमी? पान पलटल्याचा आवाज नाई येऊन राह्यला."

माझं बोट तिथंच थांबलं. फोनच्या आत, अमरावतीच्या कुठल्याशा खोलीत, एक पान उलटलं. पायल हळू आवाजात हाडांची नावं म्हणू लागली. अडखळली. पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.

ज्या माणसाला स्वतःच्या बैलाच्या दुसऱ्या शिंगापर्यंत दम निघत नाही, तो रोज संध्याकाळी आपल्या पोरीजवळ बसत होता. काहीच न करता. फक्त बसत होता.

"बाबा?" आता आवाज घाबरला होता.

मी खुर्ची ओढून बसलो. ज्या सवयीवरून शाळेतल्या पोरांना मी आयुष्यभर ओरडलो, तीच केली. बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. फट्ट.

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा हाडांकडे वळली.

तेवढ्यात भाऊ धापा टाकत दारात आले. हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा. बाहेर ट्रॅक्टरवाला त्यांच्या नावानं ओरडत होता. तेही काम ते अर्ध्यावरच टाकून आले होते. मी ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारची खुर्ची दाखवली. ते पाय न वाजवता आले, बसले. मी उठायला लागलो, तर त्या काळ्या हातानं त्यांनी माझी स्वच्छ बाही धरली.

"बसा ना जी," ते अगदी हळू म्हणाले. "एकट्यानं नाई बसणं होत."

वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली होती. दारात चपला कशाही पडल्या होत्या. मी बसलो. पान उलटायची वेळ झाली तेव्हा भाऊंनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी उलटलं.