सूनबाईंचं बातमीपत्र

बाळ झोपलं की बातम्या सुरू व्हायच्या आणि बातम्या सुरू झाल्या की बाळ उठायचं. यातलं आधी कुठलं नि नंतर कुठलं, हे आताशा सुनेलाही सांगता आलं नसतं. टीव्हीवरचा माणूस रोज साथीचे आकडे असे ओरडून सांगायचा, जणू ते सासऱ्यांनीच घरात लपवून ठेवले होते आणि आज पकडले गेले होते. सासरे खुर्चीच्या टोकावर बसून ऐकायचे. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडेच अडकल्या होत्या, आणि फोनवर तरी त्या फारशा दुःखी वाटत नव्हत्या. नवरा बेडरूमचं दार लावून ऑफिसचं काम करायचा. राहता राहिली सून.

त्यातच सासऱ्यांचं ब्लडप्रेशर चढायला लागलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी वाढवतो, पण आधी त्या बातम्या बंद करा. सांगायला काय जातं? डॉक्टरांना त्या घरात राहायचं नव्हतं. सुनेने दोन-तीनदा गोडीत सांगून पाहिलं, नवऱ्याने दारातून मान बाहेर काढून एकदा रागाने सांगून पाहिलं. शेवटी एका सकाळी सासरे आंघोळीला गेलेले बघून सुनेने टीव्हीमागची एक वायर सैल केली आणि त्या गावचीच नाही अशा चेहऱ्याने भांडी घासायला लागली.

दुरुस्तीवाला येण्याचा प्रश्नच नव्हता, सगळंच बंद होतं. घरात इतकी शांतता पसरली की बाळ त्या शांततेनेच दचकून उठलं. सासरे मात्र येरझारा घालायला लागले. बातम्या कळत नाहीत म्हणजे बाहेर काहीतरी भयंकर झालंय, अशी त्यांची खात्री पटत चालली. संध्याकाळी यंत्राने दाखवलेलं ब्लडप्रेशर कालच्यापेक्षा वर होतं.

मग सुनेने मोबाइलवरून बातम्या वाचून दाखवायचं ठरवलं. वाईट तेवढ्या गाळायच्या, इतकाच तिचा प्रामाणिक बेत होता. पण वाईट गाळल्यावर हातात फार काही उरेना. हवा स्वच्छ झाली होती आणि कुठल्याशा शहरात मोकळ्या रस्त्यावर हरणं आली होती. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं.

"हरणांचं कळलं," ते म्हणाले. "माणसांचं काय?"

तेव्हा तिने पहिली बातमी रचली. नव्वदीच्या एक आजी खडखडीत बऱ्या होऊन घरी गेल्या. सासरे खुर्चीच्या टोकावरून मागे सरकले आणि कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ खुर्चीला टेकली. दुसऱ्या दिवशी तिने आजींना सोबत म्हणून एक आजोबा बरे केले. हळूहळू तिच्या हाताला गुण आला. रोज सकाळी बाळाला भरवता भरवता ती चार-सहा पेशंट घरी सोडायला लागली. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर उतरलं. डॉक्टर खूश झाले.

"अगं, पण हे खोटं आहे," नवरा कुजबुजला.

"मग ये बाहेर आणि खरं सांग त्यांना," ती म्हणाली. बेडरूमचं दार पुन्हा लागलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. सासऱ्यांचा जन्म टेलिफोन खात्यात गेला होता. निरोप आला की तो पुढे गेलाच पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. जेवण झालं की ते ओळखीपाळखीच्या सगळ्यांना एकेक फोन लावत आणि जुन्या ट्रंककॉलसारखं, वेळ संपली की वाक्य अर्धं टाकून फोन ठेवत. त्यामुळे सुनेच्या बातम्या गावभर व्हायच्या, त्याही शेवटचा शब्द ज्याच्या-त्याच्या कल्पनेवर सोडून. आठवडाभरात सुनेच्या आईचा फोन आला. पंच्याण्णव वर्षांच्या एक आजी बऱ्या झाल्या, हॉस्पिटलातून घरापर्यंत चालत गेल्या म्हणे. सुनेला क्षणभर फार बरं वाटलं. मग आठवलं, या आपल्याच आजी.

त्यानंतरच्या एका सकाळी मात्र घात झाला. बाळाला दात येत होते, रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि बरे करायला नवीन कुणी सुचत नव्हतं. काहीतरी सांगायचं म्हणून ती बोलून गेली की आता हॉस्पिटलात पेशंटना भेटायला जाऊ देतात.

दुपारी ती बाळाला आंघोळ घालत असताना वॉचमनचा फोन आला. बाबा गेटवर आलेत, मास्क खिशात आहे, गेट उघड म्हणतायत. बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंडाला ओढणी बांधून ती जिना धडाधड उतरली.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन उभे होते. पिशवीत पत्त्यांचा जोड होता.

"कुठे निघालात बाबा?"

"भोंग्याला भेटून येतो."

भोंगा म्हणजे त्यांचा खात्यातला जोडीदार. त्याचा आवाज असा की पलीकडच्या गावाशी बोलायला त्याला लाइनची गरज लागत नाही, असं सगळे म्हणायचे. तो दवाखान्यात आहे, हे सासऱ्यांनी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. त्याचा फोन बंद होता आणि दवाखान्यात कुणी धड उत्तर देत नव्हतं.

"टीव्हीवर त्या हॉस्पिटलचं दार दाखवायचे गं," सासरे म्हणाले. "आकडे कोण ऐकत होतं? मी दारातून कोण बाहेर येतंय ते बघत होतो."

आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाबा, कुणालाच भेटू देत नाहीत. मी सांगितलं ते खोटं होतं."

"आणि त्या आजी?"

"त्याही."

"आजोबा?"

"आजींना सोबत म्हणून."

सासरे गेटचा गज धरून उभे राहिले. बाबांच्या रोजच्या फोन-यादीत वॉचमनही होता. त्याने हळूच विचारलं, "ताई, ती हरणं?"

"हरणं खरी आहेत."

"चला, तेवढं तरी," तो म्हणाला.

वर आल्यावर सुनेने सासऱ्यांसमोरच टीव्हीमागची वायर घट्ट बसवली. ओरडणारा माणूस लगेच ओरडायला लागला. सासऱ्यांनी थोडा वेळ बघितलं आणि टीव्ही स्वतःच बंद केला.

"सूनबाई, उद्याच्या बातम्यांत भोंग्याला घरी सोड."

"बाबा, ते खोटं असेल."

"आता माहीत आहे ना मला. खोट्या बातमीवर कोण घराबाहेर पडतंय? तू सांग, मी इथेच बसतो."

दुसऱ्या सकाळी बाळाच्या तोंडात घास देत तिने भोंग्याला अगदी थाटात सोडलं. नर्सनी टाळ्या वाजवल्या. भोंग्याने सगळ्यांचे आभार मानले, त्या आवाजाने वरच्या मजल्यावरचे पेशंट उठून बसले. सासरे डोळे पुसत हसले. जेवण झाल्यावर ते सवयीने फोनकडे वळले. सुनेचे हात बाळात अडकले होते. ती भानावर येईपर्यंत चार फोन होऊन गेले होते.

संध्याकाळी बाळाला जेमतेम डुलकी लागली होती, तेव्हा सासऱ्यांचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. सासऱ्यांनी स्पीकर लावला. पलीकडचा आवाज घोगरा होता, मध्येमध्ये दम लागत होता, तरी बाळ खाडकन उठलं.

"अरे, मला घरी सोडलंय म्हणे. मुलगा खाली गाडी घेऊन उभा आहे. इथल्या लोकांना कुणी कळवलेलं दिसत नाही, ते म्हणतात अजून आठवडाभर कुठे जायचं नाही. नर्सबाईंचा फोन मागून घेतलाय, पटकन सांग. मला सोडलं कुणी?"

सासऱ्यांनी फोन सुनेपुढे धरला.

"थांब," ते म्हणाले. "संपादकांना देतो."