पायथ्याचे भालेरावकाका

माहुली गडाच्या पायथ्याशी पोहोचलो की आमचे भालेरावकाका आधी सगळ्यांच्या सॅक उघडायचे. मॉलच्या दारातला वॉचमनसुद्धा एवढी कसून झडती घेत नसेल. "हा डिओ कशाला? माकडांना हुंगवायला?" डिओ बाहेर. "दोन टॉवेल? वर स्विमिंग पूल बांधलाय का रे?" टॉवेल बाहेर. एकदा माझ्या बायकोची तुपाची बरणी त्यांनी जप्त केली, तेव्हा ती थेट वरच्या लोखंडी शिडीपर्यंत तोंड फुगवून चालत होती.

गंमत अशी, की जप्त केलेला सगळा माल ते स्वतःच्याच सॅकमध्ये कोंबायचे. वर जेवायला बसलो की तूप हजर, घाम पुसायला टॉवेल हजर. "मग काढून कशाला घेतलंत?" विचारलं, तर म्हणायचे, "तुम्हाला चढायचं होतं ना? मग."

कोपरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना डोंगर चढायला त्यांनीच शिकवलं. फार छान रविवार होते ते. आता आमचीच पोरं पैसे भरून ट्रेकला जातात आणि डोंगराकडे पाठ करून फोटो काढतात.

काका आणि काकू जोडीने चढायची. काकू गेल्या, तरी काकांनी एकही हिवाळा चुकवला नाही. गेल्या वर्षी मात्र डॉक्टरांनी त्यांचे गुडघे पाहिले आणि चढण कायमची बंद केली. काका महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. यंदा आमचं ठरलं तेव्हा स्वतःहून म्हणाले, "पायथ्यापर्यंत तर येतो. तिथे कोण अडवतंय?"

आले. झडती घेतली, आणि देवळाच्या ओट्यावर बसून राहिले. निघताना मी मागे वळून पाहिलं नाही. मला ते पाहवलं नसतं.

दुपार कलल्यावर आम्ही उतरलो. काकांनी मला शेजारी बसवलं.

"आता मला वर ने."

मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"सांगत सांगत ने रे. घाई नको करूस."

मग मी सुरुवात केली. ओढा ओलांडला, करवंदीच्या जाळ्या मागे टाकल्या, खडी चढण लागली. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच विचारायचे, "पाणी होतं का ओढ्याला?" मी सांगायचो, होतं थोडं. चढण संपवून मी शिडीकडे निघालो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"थांब जरा. इथे हिला दम लागतो."

काकूंचा दम जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.