हंगामी गोल मित्र

बॅलिनाड्रेग गावातल्या 'चिमणी खार' बालवाडीत हॅलोविनच्या आधीच्या सोमवारी असा निर्णय झाला की मुलांकडून कोळी बनवून घ्यावा. निर्णय एकमताने झाला, कारण मत एकच होतं आणि ते संचालिका ग्रॉन्या यांचं होतं. भिंतीवर सूचना लागली: 'सोपा कोळी. वय तीन ते पाच. साहित्य: कागदी प्लेट, काळा रंग, केसाळ तारेचे आठ पाय, दोन डोळे. वेळ: दहा मिनिटे.'

मी तिथे आठवडाभराच्या कामाच्या अनुभवासाठी होते. आमच्या माध्यमिक शाळेत चौथ्या वर्षी मोठी परीक्षा नसते, म्हणून आम्हाला जगात मोकळं सोडतात. त्याआधीचा आठवडा मी गावच्या खाटकाकडे काढला होता. त्याने पहिल्याच सकाळी माझ्या हातात सुरी दिली. बालवाडीत पाच दिवसांत मुलांसमोर मला कात्रीसुद्धा मिळाली नाही.

कोळ्याची खरी गरज एकाच व्यक्तीला होती. तिचं नाव ऊना, वय चार.

"आमच्या संडासात कोळी आहे," तिने मला सांगितलं.

"केवढा?"

"टोस्टएवढा."

"मग तू काय करतेस?"

"मी जात नाही."

तिला सोडायला आलेल्या आईने मान डोलावली. "इथे जाते, घरी नाही. क्लिओना, शुक्रवारनंतर आठवडाभर सुट्टी आहे गं. अख्खा आठवडा." त्या माउलीच्या डोळ्यांत जे होतं ते मी खाटकाकडेही पाहिलं नव्हतं.

ऊनाचा बेत सरळ होता. टोस्टपेक्षा मोठा आणि भयानक कोळी बनवायचा, संडासात लावायचा, म्हणजे घरचा कोळी घाबरून पळेल. मी पुष्कळ विचार केला, पण मला त्या बेतात खोट सापडली नाही.

खोट सापडली ती साहित्यात. शुक्रवारी निरीक्षक येणार होते, त्यामुळे प्रत्येक वस्तूचं जोखीम मूल्यांकन पत्रक भरणं भाग होतं. आधी डोळे बाद झाले.

"कुणी गिळलेत का कधी?" मदतनीस डर्वलाने विचारलं.

"नाही," ग्रॉन्या म्हणाल्या. "पण 'गिळण्यायोग्य' असा रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवता येत नाही."

मग पाय. एका तारेला दोन टोकं, एका कोळ्याला सोळा, अठरा मुलांची मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक टोकाची स्वतंत्र नोंद करावी लागेल हे लक्षात येताच पाय ऐच्छिक करण्यात आले, आणि दुपारपर्यंत रद्द.

"बिनपायाचा कोळी?" डर्वला म्हणाली.

"विश्रांती घेणारा कोळी. पाय पोटाखाली आहेत."

मंगळवारी भावनिक सुरक्षिततेचं पत्रक निघालं. काळा रंग भीतिदायक ठरला, म्हणून फिकट तपकिरी आला. चेहरा गंभीर वाटू नये म्हणून हसू आलं. मग एवढ्या गोड वस्तूला कोळी म्हणणं उगाच मुलांना भेडसावणं झालं असतं. सूचनेवर नवी पट्टी चिकटली: 'हंगामी गोल मित्र'.

बुधवारी गोंद आला. तो प्रमाणित होता, म्हणजे बोटांना चिकटत नव्हता. कागदालाही चिकटत नव्हता, पण त्याबद्दल प्रमाणपत्रात काही म्हटलं नव्हतं. मुलांची सुरक्षित कात्री लोणीसुद्धा कापायची नाही. तेव्हा मुलं घरी गेल्यावर आम्ही तिघींनी दारं लावून, खऱ्या कात्रीने, खऱ्या गोंदाने, कंपास लावून अठरा मित्र बनवले. डर्वलाने चहा केला.

"मी पाच वर्षांची होते तेव्हा हॅलोविनच्या दिव्यासाठी सलगम कोरायचे," ती म्हणाली. "आईची पावाची सुरी घेऊन."

"मी पण," ग्रॉन्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ही बघ खूण. दोन टाके. काय मजा यायची गं." मग कप ठेवून त्यांनी चहाच्या वाफेचं पत्रक भरायला घेतलं.

गुरुवारी मुलांचा सहभाग झाला. प्रत्येक मुलाने आपल्या नावाच्या मित्राला एका बोटाने स्पर्श करायचा. याला 'बालकेंद्रित कृती' म्हणतात. एमेट नावाच्या मुलाने दोन बोटं लावली, त्यामुळे त्याचा मित्र पुन्हा बनवावा लागला.

ऊनाने आपल्या मित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"हे बिस्किट आहे," ती म्हणाली.

"अगं, हा तुझा मित्र आहे. बघ, कसा हसतोय."

"आमचा कोळी याला खाईल."

मी भांडी धुवायला गेले. परत आले तेव्हा ऊनाने टेबलावरची कोरी मूल्यांकन पत्रकं घेतली होती. आठ पत्रकांचे पीळ घालून तिने आठ पाय केले होते. उरलेल्या सगळ्या गठ्ठ्याचा चुरगळा करून पोट केलं होतं. हे सगळं सकाळच्या ओट्सच्या लापशीने घट्ट चिकटलं होतं. रंगासाठी तिने अठरा मुलांच्या बुटांच्या तळव्यांचा चिखल पुसून काढला होता. केकमधले दोन मनुके डोळे झाले होते, एक वर बघत होता आणि दुसरा माझ्याकडे. मला एक पाऊल मागे जावंसं वाटलं. मी दोन गेले.

"हा चालेल," ऊना म्हणाली.

ग्रॉन्या धावत आल्या आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. "याचं पत्रक कुठाय?"

"पायांत आहे," मी म्हणाले. "सगळी त्यातच आहेत."

"पत्रकाशिवाय इथे काही ठेवता येत नाही. चार वाजता कचऱ्यात जाईल ते."

ऊना रडली नाही. तिने फक्त कोळी दोन्ही हातांनी धरला आणि पाय जुळवून उभी राहिली, ज्याला घाई लागली आहे पण सांगायचं नाही असं माणूस उभं राहतं तशी. मी सगळे खण उपसले. शेवटच्या खणात, सांताच्या टोप्यांखाली, एक पत्रक सापडलं. त्यात नावासाठी एकच रकाना होता: 'वस्तू बनवणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे नाव'.

"मुलाचं कुठे लिहायचं?"

"मुलांच्या वस्तू मुलं कुठे बनवतात?" ग्रॉन्या वैतागून म्हणाल्या.

मी माझं नाव लिहिलं, सही केली आणि पत्रक कोळ्याच्या पाठीला लापशीने चिकटवलं.

शुक्रवारी निरीक्षक मिस्टर प्रेंडरगास्ट आले. भिंतीवरच्या अठरा तंतोतंत सारख्या वर्तुळांपुढे ते हात मागे बांधून उभे राहिले.

"किती सहज," ते म्हणाले. "बालमन इथे नुसतं वाहतंय. सगळं मुलांनीच केलं ना?"

"सहभाग शंभर टक्के होता," ग्रॉन्या म्हणाल्या.

मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि तेही दोन पावलं मागे आले. लांबूनच त्यांनी पत्रक वाचलं. "क्लिओना कोण?"

"मी."

"वय?"

"सोळा."

"लहान मुलांची नक्कल करायला गेलीस, पण जमलं नाही बघ. पाय मुद्दाम लहानमोठे केलेस. चिखलही ओढूनताणून आणलाय. कुठलंही खरं मूल असं काही बनवत नाही."

"तो मी केलाय," ऊना म्हणाली.

ते गुडघ्यावर बसले. "हो का, सोनू? मग तुझा गोल मित्र कुठाय?"

"तो हिने केलाय."

मिस्टर प्रेंडरगास्ट खूप वेळ हसले. मग त्यांनी ऊनाच्या नावापुढे लिहिलं: 'कल्पनाशक्ती उत्तम'. माझ्या अनुभवपत्रावर संध्याकाळी शेरा आला: 'हस्तकौशल्य: सुधारणेस भरपूर वाव'.

सुट्टी संपल्यावर ऊनाची आई मला दुकानात भेटली. मी घाबरत घाबरतच विचारलं.

"जाते गं आता," ती म्हणाली. "बालवाडीतला तो कोळी संडासात लावला आणि घरचा दुसऱ्याच दिवशी नाहीसा झाला. ऊना दिवसातून सहा वेळा जाते. तिचे बाबा मात्र शेजाऱ्यांकडे जातात."

"आणि गोल मित्र?"

"तो फ्रिजवर लावलाय. आजी आली होती ना, तिचे डोळेच भरून आले. म्हणाली, पोरीचा हात किती साफ आहे."

"आणि कोळी कुणी केला म्हणून सांगता?"

"खरं तेच सांगते, बालवाडीतल्या एका मोठ्या मुलीने केलाय. तुझं पत्रकच आहे की त्याच्यावर." तिने माझ्या दंडावर थोपटलं. "मनाला लावून घेऊ नकोस. सोळाव्या वर्षी कुणाला सगळं येतं?"

तुम्हाला हसू आलं असेल, तर हसून झाल्यावर एक करा. तुमच्या लेकराने शाळेत बनवलेलं म्हणून जे तुम्ही घरात लावून ठेवलंय, आल्यागेल्याला दाखवता, ते जवळ जाऊन बघा. कडा सरळ आहेत का? वर्तुळ गोल आहे का? आणि त्याने स्वतः बनवून तुमच्या हातात दिलेलं ते दुसरं, ज्याला चिखल लागला होता, ते कुठे टाकलंत?

जा, बघून या. मी थांबते.