उन्हात येणाऱ्या शंका

लिफ्टच्या टपावर उकिडवे बसून, दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रीसने माखलेले असताना, होणाऱ्या सासऱ्यांना मेसेज पाठवू नये, हे शहाणपण लिफ्ट मेकॅनिकला नंतर सुचले. शहाणपणाची रीतच ती, ते नंतरच सुचते. त्या वेळी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. लग्न तोंडावर आले होते आणि सकाळीच होणाऱ्या सासूबाईंनी फोनवर कौतुकाने कळवले होते, "जेवण आमच्या मागच्या बागेत ठेवतोय हं. तुम्हा दोघांच्या खुर्च्या अगदी मधोमध, सूर्यासमोर. फोटो झकास येतात."

सूर्यासमोर म्हटल्याबरोबर मेकॅनिकला आपले नाक आठवले. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक इस्टेट चालत आली होती, आणि ती म्हणजे शिंका. अंधारातून उजेडात आले की त्यांच्याकडचा माणूस शिंकायचा. सर्दी नाही, पडसे नाही, डोळ्यांवर ऊन पडले की झाले सुरू. आजोबा शिंकायचे, वडील शिंकायचे, आत्या तर अशी शिंकायची की शेजारची मांजर पंख्यावर चढायला बघायची. डॉक्टर म्हणाले होते, "निरुपद्रवी आहे. औषध नाही. मजेत राहा." वडील मजेत राहिले आणि मजेतच गेले. मुलाने मात्र लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमधली नोकरी पकडली. लोकांना वाटायचे याला यंत्रांची आवड आहे. ती होतीच, पण अंधाराचीही होती.

आता ज्या मुलीशी लग्न ठरले होते ती त्याला मनापासून आवडली होती, आणि तिला हे शिंकांचे प्रकरण सांगायचे सांगू सांगू म्हणत राहून गेले होते. निदान सासऱ्यांना तरी सांगावे, म्हणजे खुर्च्या सावलीत हलतील, असा विचार करून त्याने कोपराने फोन सुरू केला आणि त्याला तोंडी मजकूर सांगितला. खाली कुणीतरी लिफ्टचे दार आपटत होते, वर मोटर घरघरत होती. फोनने जमेल तसे ऐकले, जमेल तसे लिहिले आणि मेसेज गेला तो असा:

"काका, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. उजेडात गेलो की मला शंका येतात. काळजी करू नका, आमच्या घराण्यातच आहे. वडिलांनाही यायच्या, आत्याला तर अजून येतात. एकदा सुरू झाल्या की तीन-चार येतातच, मग मी मोकळा होतो. आईला सवय झाली होती, तुमच्या मुलीलाही होईल. पुढे मुलांच्या बाबतीतही शक्यता आहे, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा बागेऐवजी आत कुठे जमलं तर बरं."

एक वेलांटी, तीही ऱ्हस्व, कुठेतरी त्या घरघरीत गळून पडली होती. मेकॅनिकने मेसेज वाचून पाहिला नाही. ग्रीसच्या हातांनी पान कोण वर-खाली करणार? मनावरचे ओझे उतरल्यासारखे वाटून तो शीळ घालत तारांना वंगण लावू लागला.

सासरे निवृत्त होते, पण आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीत दावे तपासले होते. दुकान आधी जळाले की विमा आधी उतरवला, हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती. मेकॅनिक काम आटोपून हात पुसतो न पुसतो तोच त्यांचा फोन आला. काल-परवापर्यंत 'जावईबुवा' म्हणणारे सासरे आज नुसत्या 'हे पाहा'वर आले होते.

"हे पाहा, तुमचा मेसेज वाचला. हे कधीपासून आहे?"

"लहानपणापासूनच, काका."

"काही ठोस कारण असतं, की उगीच येतात?"

"कारण काही लागत नाही हो. नुसतं बाहेर पडलं तरी येतात."

पलीकडे कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. "चारचौघांतही?"

"चारचौघांत तर हमखास."

"आणि बायको समोर असली तर?"

"तोंड फिरवीन," मेकॅनिक अदबीने म्हणाला. "तेवढी रीतभात मला आहे."

"तोंड फिरवाल!" सासऱ्यांचा आवाज कोरडा पडला. "थांबवायचा काही प्रयत्न?"

"नाक दाबून धरलं तर थांबतं कधीकधी."

"नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मी नोकरीभर पाहिलंय," सासरे म्हणाले. "बरं. बागेचं नंतर बघू. आधी बाकीचं बघू."

फोन बंद झाला. बाकीचे म्हणजे काय, ते मेकॅनिकला कळेना. पण मोठी माणसे असेच तुटक बोलतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी तो घरी जेवायला बसला तेव्हा आई फोनवर होती, पलीकडे होणाऱ्या विहीणबाई. आईचा चेहरा फुलला होता. आपल्याशी इतके आपुलकीने बोलणारे माणूस तिला बऱ्याच दिवसांनी भेटले असावे.

"मुलाने कळवलंय आम्हाला," असे काहीसे पलीकडून आले असणार, कारण आई म्हणाली, "बरं झालं बाई, आम्ही लपवून कशाला ठेवू? ह्यांना तर संसारभर यायच्या. सकाळी दार उघडलं की सुरू. … मी? मी काय करणार, उशी कानावर घ्यायची. … छे छे, भांडण कसलं! माणूस सोन्यासारखा होता, ह्या एका गोष्टीपुढे त्यांचा इलाज नव्हता. … हो तर! हा जन्मला ना, तेव्हा बाळाला घेऊन दवाखान्याबाहेर पाऊल टाकलं आणि तिथे दारातच आल्या त्यांना, बाळाच्या तोंडाकडे बघता बघता! … हॅलो? विहीणबाई?"

आईने फोन कानापासून दूर धरून पाहिला. "कट झाला वाटतं. किती मायेची बाई आहे! सगळं अगदी खोदून खोदून विचारलं."

मेकॅनिकचा घास मात्र हातातच राहिला. माशी कुठेतरी शिंकली होती खास, पण कुठे, ते त्याला सापडत नव्हते. तेवढ्यात नियोजित वधूचाच मेसेज आला. 'उद्या दुपारी तलावावर या. बोलायचंय.' पुढे नेहमीचे हसरे तोंडही नव्हते.

ती पोहायला शिकवायची. दुपारी शिकाऊ मंडळी गेली की तलावाच्या काठावरच्या बाकावर दोघे भेटायची, तशीच आजही भेटली. तिचे केस ओले होते, गळ्यात शिट्टी होती. मेकॅनिक नेहमीप्रमाणे बाकाच्या टोकाला बसला आणि नेहमीप्रमाणे फरशीकडे बघू लागला.

"बाबांनी मेसेज दाखवला," ती म्हणाली. "आई कालपासून रडतेय. बाबा म्हणतात, हे लग्न थांबवून आधी चौकशी करू. पण मी त्यांना म्हटलं, निदान हा माणूस आधी बोलला तरी. खरं सांगू? मलाही येतात."

मेकॅनिकला आनंदाचे भरते आले. "काय सांगता! तुम्हालाही? उन्हातच?"

"उन्हात, सावलीत, घरात पंख्याकडे बघत पडले तरी. ठरल्यापासून सारख्या."

"सारख्या? मग ते आमच्यातलं नाही," तो जाणकारासारखा म्हणाला. "ते धुळीचं असणार. उशीची खोळ बदलून बघा."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला मी मनापासून हवी आहे, की घरच्यांनी ठरवलं म्हणून उभे राहताय, ही शंका उशीच्या खोळीने जाईल?"

"शंका?" मेकॅनिक म्हणाला. "शंकेचं काय काढलंत मध्येच?"

तिने वडिलांनी पुढे पाठवलेला मेसेज उघडून त्याच्या नाकासमोर धरला. मेकॅनिकने तो वाचला. मग पुन्हा वाचला. सासऱ्यांचे प्रश्न, आईची उत्तरे, दवाखान्याचे दार, सगळे एकामागून एक त्याच्या अंगावर येऊन कोसळले आणि त्याचे कान लालबुंद झाले.

"अहो, शिंका! शंका नाही हो, शिंका! एक वेलांटी… मी लिफ्टवर होतो… फोनने…"

"वेलांटीवर ढकलू नका."

"शपथ सांगतो! ऊन डोळ्यांवर आलं की शिंका येतात आम्हाला. शंका कशाची येणार मला? तुमच्याबद्दल तर मला एक, अर्धी, पाव शंका नाही!"

"मग माझ्याकडे बघत का नाही तुम्ही?" तिने विचारले. "इतक्यांदा भेटलो. दर वेळी तुम्ही ह्या फरशा बघत बसता. मैत्रिणीने विचारलं, त्याला तुझे डोळे आवडतात का. मी काय सांगणार? माझे डोळे त्याने पाहिलेच नाहीत म्हणून?"

हा घाव मात्र वर्मी बसला. मेकॅनिकला फार वाईट वाटले. त्याने सगळे सांगून टाकले. पहिल्या भेटीत पाण्यावरचे ऊन डोळ्यांत गेले आणि तो शिंकला होता. तिने "सर्दी का?" विचारले तेव्हा लाजून "हो" म्हणाला होता. आता दर भेटीला सर्दी कुठून आणणार? म्हणून मान खाली ती खालीच. "वर बघितलं की शिंकणार, आणि तुम्हाला वाटणार हा जन्माचा आजारी," तो म्हणाला. "फरशांत काय आहे बघायला?"

तिने गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली. मग उठून त्याच्या समोर उभी राहिली, पाण्याकडे पाठ करून. "ऊन आहे, पाणी आहे, मी आहे. बघा वर. येऊ दे शिंक. आली तर बाबांना मी समजावते."

मेकॅनिकने खिशातला रुमाल काढून तयार धरला, श्वास घेतला आणि मान वर केली.

ऊन डोळ्यांत घुसले. पाणी लखलखले. तो वाट पाहू लागला. शिंक ही मोठी मानी चीज आहे, नको तेव्हा दार तोडून येते आणि आमंत्रण दिले की उंबऱ्याशी अडते. नाकात हुळहुळले, नाकपुड्या फुलल्या, आणि गेले! तो बघत राहिला. तिच्या एका भुवईत जुनी खूण होती. पोहण्याच्या चष्म्याचा गोल वळ डोळ्यांभोवती उमटला होता आणि त्या वळाच्या आत तिचे डोळे तपकिरी होते, काळे नव्हते. इतके दिवस तो काळे समजत होता.

"येत नाही?" तिने हळूच विचारले.

"येतेय, येतेय," तो घाईने म्हणाला. लग्न एका शिंकेवर अडले होते आणि घराण्याची ती एवढी एक गोष्ट नेमकी आज दगा देत होती. रुमाल घामाने भिजला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी त्याने पापणी पडू दिली नाही. पलीकडे तलावाचा पहारेकरी झाडू टेकून हा प्रकार न्याहाळत होता. ती लाजली, पण जागची हलली नाही.

"पुरावा नाही मिळाला," शेवटी तो हताश होऊन म्हणाला. "अजून थोडा वेळ बघू का?"

आजवर तिने त्याला कधी 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती.

"बघ," ती म्हणाली.